जांभळ्या झाकणाची नळी

सकाळी सात-साडेसातला घाटकोपरच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये डोकावलं, तर बाकड्यावर उपाशीपोटी आलेली माणसं कोपर दुमडून, कापसाचा बोळा दाबून बसलेली दिसतात. पलीकडच्या ट्रेमध्ये नळ्या उभ्या असतात. साखरेसाठी करड्या झाकणाची, थायरॉइड-कोलेस्टेरॉलसाठी लाल किंवा पिवळ्या, आणि सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, जांभळ्या झाकणाची. जांभळ्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. म्हणून रक्त भरल्यावर तंत्रज्ञ ती नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करतो. ती जोरात हलवायची नसते, पेशी फुटतात.

हा लेख त्या नळीवर आहे. मुलुंड-घाटकोपर, अंधेरी-बोरिवली पट्ट्यात घरटी कुणाची ना कुणाची सीबीसी झालेली असते. तापासाठी, बाळंतपणासाठी, ऑपरेशनच्या आधी किंवा नुसता थकवा येतो म्हणून. रिपोर्टवर वीसेक आकडे असतात. घरचे त्यातला एकच वाचतात, हिमोग्लोबिन. तापाचे दिवस असले तर दुसरा, प्लेटलेट्स. बाकीचे आकडे तसेच फाइलमध्ये जातात. रक्ताच्या दुर्मीळ आजारांची पहिली खूण मात्र अनेकदा याच न वाचलेल्या आकड्यांत असते.

नेहमीचे आजार एका कपाटात आणि दुर्मीळ आजार दुसऱ्यात, अशी आपली समजूत असते. दुर्मीळ कशाला म्हणायचं याची मोजमापंही आहेत. जागतिक आरोग्य संघटना हजारात एक किंवा त्याहून कमी असं मानते, युरोप दहा हजारांत पाच, तर अमेरिकेत देशभरात दोन लाखांहून कमी रुग्ण असले की तो आजार दुर्मीळ. भारताने २०२१ साली दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आणलं, पण त्यात असा आकडा ठरवला नाही, कारण देशभराची नोंदच पुरेशी नव्हती. माझ्या मते रक्ताच्या बाबतीत देशाचा एक आकडा फारसा उपयोगाचाही नाही. तिथे दुर्मीळपणा घराघराप्रमाणे बदलतो आणि त्याची मुळं नेहमीच्या, अगदी निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीत असतात.

सगळ्यांत नेहमीची गोष्ट म्हणजे पंडुरोग, आपल्या बोलीत 'अंगात रक्त कमी असणं'. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के, आणि महाराष्ट्रात ५४ टक्के, पंडुरोगी निघाल्या. त्याच्या आधीच्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ४८ होता. म्हणजे तो वाढला. बहुतेकींमध्ये कारण लोहाची कमतरता. पाळी, बाळंतपणं, सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं खाणं, जेवणावर लगेच घेतलेला चहा. त्यामुळे हिमोग्लोबिन दहा दिसलं की लोहाच्या गोळ्या लिहून देणं बहुतेक वेळा बरोबरच ठरतं. बहुतेक वेळा, पण दर वेळी नाही.

मुलुंडला आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलीचं असंच झालं. शाळेत असल्यापासून तिचं हिमोग्लोबिन दहाच्या आसपास. गोळ्या झाल्या, खजूर झाले, बीट झालं, गूळ-शेंगदाणे झाले, भाजीसाठी लोखंडी कढई आली. आकडा हलला नाही. "नीट घेतच नसेल गोळ्या," असं डॉक्टर म्हणायचे, आणि घरचेही तेच म्हणायचे. गेल्या वर्षी लग्न ठरल्यावर तिने सहज तपासण्या करून घेतल्या. या वेळच्या लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी रिपोर्टखाली पेनाने एक ओळ लिहून दिली, 'एचपीएलसी करून घ्या.' तो रिपोर्ट मी हातात घेऊन पाहिला. हिमोग्लोबिन १०.२. लाल पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही ६३, जो एरवी ८० ते १०० असतो. आणि लाल पेशींची संख्या ५६ लाख.

या शेवटच्या आकड्यावर सगळी गोम आहे. शरीरात लोहच नसेल, तर पेशी लहान होतात आणि कमीही तयार होतात. इथे पेशी लहान होत्या, पण संख्येने भरपूर होत्या. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षातल्या संख्येने भागायचं, असा एक जुना ठोकताळा आहे. मेंट्झर नावाच्या डॉक्टरांनी तो १९७३ साली मांडला. उत्तर तेराच्या वर आलं तर लोहाची कमतरता असण्याचा संभव जास्त, तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा. ६३ भागिले ५.६ म्हणजे सव्वा अकरा. ठोकताळा तो ठोकताळाच, त्यावर निदान करायचं नसतं. निदान एचपीएलसी करते. त्या तपासणीत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे काढून मोजतात. त्यातलं ए-टू हे हिमोग्लोबिन साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेलं की माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक, म्हणजेच थॅलेसेमिया मायनर. मुलीचं आलं ५.४.

थॅलेसेमिया मायनर हा आजार नव्हे, हे ठासून सांगायला हवं. वाहक माणूस धडधाकट असतो, नोकरी करतो, गड चढतो, मुलं वाढवतो. त्याला औषध लागत नाही. लोहाची खरीच कमतरता नसेल, तर वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांचा उपयोग शून्य, आणि नको असलेलं लोह साठत गेलं तर त्रासच. वाहकालाही लोहाची कमतरता होऊ शकते, म्हणून गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि बंदही करू नयेत. लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तपासलं की उत्तर मिळतं.

भारतात सरासरी शंभरातले तीन-चार जण असे वाहक आहेत. अंधेरीहून सुटलेल्या भरल्या लोकलच्या एकेका डब्यात बरेच जण निघतील. म्हणजे ही गोष्ट अजिबात दुर्मीळ नाही. आता हिशोब करू. शंभरातले चार वाहक असतील आणि लग्नं कशीही जुळत असतील, तर दहा हजार जोडप्यांपैकी सोळांमध्ये दोघंही वाहक निघतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसेमिया, होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे दहा हजार बाळांमागे चार. युरोपच्या मोजमापाने हा आजार दुर्मीळ ठरला. आता एखाद्या समाजात शंभरातले दहा वाहक आहेत आणि लग्नं समाजातच होतात असं धरा. तोच हिशोब दहा हजार बाळांमागे पंचवीसवर जातो. वाहक अडीच पट, आजारी बाळं सहा पट. देशाच्या तक्त्यात दुर्मीळ असलेला आजार त्या समाजाच्या वाडीत नेहमीचा होतो.

सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत वाहकांचं प्रमाण सरासरीपेक्षा जास्त असल्याचं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि मुलुंड-घाटकोपरच्या गल्ल्या याच कुटुंबांनी गजबजलेल्या आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांच्या वसाहती, मसाल्या-धान्याच्या व्यापारातली कच्छी घरं. या समाजांना कसला दोष लावायचा नाही. उलट, तपासणी शिबिरं भरवण्यात त्यांच्याच मंडळांनी पुढाकार घेतला. चिंता वाटते ती 'हे आपल्यात नसतं' म्हणणाऱ्या मराठी घरांची. आपल्यातही आहे.

शिवाय मुंबईचा म्हणून एक पेच आहे. विदर्भातून आणि नंदुरबारकडून आलेल्या काही समाजांत सिकलसेलचं जनुक आहे, बंगाल-आसामकडे हिमोग्लोबिन-ई, पंजाबात हिमोग्लोबिन-डी. जातीबाहेर लग्न केलं की एकाच समाजातल्या दोन वाहकांची गाठ पडण्याचा धोका घटतो, हे खरं. पण एका बाजूला थॅलेसेमिया मायनर आणि दुसऱ्या बाजूला सिकलसेलचा किंवा हिमोग्लोबिन-ईचा वाहक असेल, तर त्यांच्या मुलालाही गंभीर आजार होऊ शकतो. अंधेरीच्या ऑफिसात जुळलेल्या लग्नालाही ही तपासणी तितकीच लागू आहे.

मेजर असलेलं बाळ जन्मतः गुटगुटीत असतं. आईच्या पोटातलं वेगळं हिमोग्लोबिन त्याला काही महिने सांभाळतं. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीतरी ते फिकट पडू लागतं, दूध पिताना दमतं, पोट फुगतं, कारण प्लीहा वाढत असते. डेट्रॉइटच्या थॉमस कूली यांनी १९२५ साली हा आजार पहिल्यांदा नीट नोंदवला. तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षं ही मुलं लहानपणीच दगावत. आज त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. वर्षाला वीस-पंचवीस पिशव्या, म्हणजे तितकेच अनोळखी रक्तदाते.

बोरिवली पूर्वेला मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया आणि लहान मुलांच्या रक्तविकारांचं केंद्र आहे. तिथे बोन मॅरो ट्रान्सप्लांटही होतं. अशा डे-केअर वॉर्डातली मुलं आजाऱ्यासारखी दिसत नाहीत. हाताला पट्टीने बांधलेली फळी, वर लटकलेली पिशवी, आणि दुसऱ्या मोकळ्या हातात मोबाइल, पत्ते किंवा गृहपाठाची वही. शेजारी आई किंवा बाबा, ज्यांची त्या दिवसाची रजा किंवा रोजी गेलेली असते. पिशवी संपायला तीन-चार तास लागतात. आपलं मागचं हिमोग्लोबिन किती होतं ते मुलांना तोंडपाठ असतं.

रक्ताने जीव वाचतो, पण त्याच रक्ताने लोह साठतं. एका पिशवीत दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह असतं, आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, ग्रंथींत आणि हृदयात जाऊन बसतं. पूर्वी ते काढायला पोटाच्या कातडीखाली सुई टोचून छोट्या पंपाने रात्रभर औषध द्यावं लागे, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. कितीतरी घरांना ते परवडत नसे, आणि मुलंही कंटाळत. तोंडाने घ्यायची डेफेरिप्रोनची कॅप्सूल १९९०च्या दशकाच्या मध्यात जगात सर्वांत आधी भारतात मंजूर झाली. मुंबईच्या सिप्लाने ती आणली. पुढे दिवसातून एकदा घ्यायचं डेफेरासिरॉक्स आलं. आज तिशी-चाळिशीतले, संसार करणारे मेजर रुग्ण दिसतात, त्यात या गोळ्यांचा आणि सुरक्षित रक्ताचा वाटा मोठा आहे.

बरं करणारा उपचार म्हणजे ट्रान्सप्लांट. १९८१पासून ते थॅलेसेमियासाठी होत आलं आहे. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ साली सुरू झालेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून निवडक रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश झाला आहे. प्रमाणपत्र काढायला पालक संकोचतात, पण काढून ठेवावं. परदेशात जनुक दुरुस्त करण्याचे उपचारही मंजूर झाले आहेत, मात्र त्यांची किंमत दोन दशलक्ष डॉलरच्या पुढे आहे.

आणि हे सगळं टाळता येतं, काही शे रुपयांच्या तपासणीने. सायप्रस या छोट्या बेटावर वाहकांचं प्रमाण प्रचंड होतं. १९८३पासून तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. लग्नं फारशी मोडली नाहीत, बहुतेक जोडप्यांनी सगळं कळून लग्न केलं आणि गरोदरपणात गर्भाची तपासणी करून घेतली. काही वर्षांतच मेजर बाळांचे जन्म जवळजवळ थांबले. आपल्याकडे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४च्या कायद्यातही या आजारांसाठी गर्भतपासणीला स्पष्ट मुभा आहे. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती होते. पण बाईचं नाव तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नोंदवलं गेलं, मग तिचा रिपोर्ट आला, मग नवऱ्याला बोलावलं, आणि तो "मला काय झालंय?" म्हणत महिनाभर टाळत राहिला, तर हातातली वेळ निघून जाते. नवऱ्यांचा हा अडेलपणा मला या सगळ्यात फार खुपतो.

मुळात वाहक इतके का आहेत, याचं उत्तर पुन्हा एका नेहमीच्या आजारात आहे. थॅलेसेमियाचे वाहक मलेरियात तगून राहत असावेत, म्हणून हे जनुक टिकलं, असा तर्क जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९च्या सुमारास मांडला. हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले. सिकलसेलच्या बाबतीत तो तर्क पुढे भक्कम पुराव्याने सिद्ध झाला. आपल्या पूर्वजांना हिवतापातून तारणारी गोष्ट आज बोरिवलीच्या वॉर्डात पिशवी होऊन लटकते आहे.

मलेरियाशी नातं असलेलं रक्तातलं आणखी एक वैगुण्य म्हणजे जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता. पारशी समाजात ती बरीच आढळते. अंधेरी पूर्वेची साल्सेट कॉलनी, जोगेश्वरीचा मालकम बाग इथल्या जुन्या घरांना हे नाव ठाऊक असतं. बाकीच्या समाजांतही ती आहे, आणि जास्त करून पुरुषांना बाधते. एरवी काहीच त्रास नसतो. पण उपनगरांत पावसाळ्यात दिसणारा मलेरिया बहुतांशी व्हायव्हॅक्स जातीचा, आणि यकृतात लपलेले त्याचे जंतू मारायला चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. ही कमतरता असलेल्याला त्या गोळीने लाल पेशी फुटून कोलासारखी लघवी होऊ शकते. तसं दिसलं की गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. नवजात बाळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी, टोपडी काढून तशीच बाळाला गुंडाळली, तर ही कमतरता असलेल्या बाळांना तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवूच नयेत.

ज्या दुर्मीळ गोष्टीला या शहराचंच नाव मिळालं तीही रक्तातलीच. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. मुंबईत काही माणसांचं रक्त कुणाच्याच रक्ताशी जुळेना, ओ गटाशीसुद्धा. ए आणि बी हे प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात तो एच प्रतिजनच या माणसांत नव्हता. ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो, म्हणून त्यांचं शरीर ओ रक्तही नाकारतं. हा 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. इथेही तेच घडतं, दुर्मीळ गोष्ट नेहमीच्या वेषात येते. शिबिरात काचेवर थेंब टाकून केलेल्या तपासणीत हा गट हुबेहूब ओ दिसतो. रक्तद्रवाची उलट तपासणी करून, ओ पेशींबरोबर गुठळ्या होतात का हे पाहिलं, तरच तो उघड होतो. चांगली रक्तपेढी हे करतेच. पण ज्याचं ओळखपत्र वीस वर्षांपूर्वीच्या शाळेतल्या शिबिराचं आहे, त्याने गट पुन्हा तपासून घ्यावा. मुंबईत थिंक फाउंडेशनसारख्या संस्था अशा दात्यांच्या याद्या सांभाळतात, आणि यादीतली माणसं मध्यरात्रीचा फोन घेऊन अनोळखी रुग्णासाठी निघतात.

आता प्लेटलेट्सचं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने माणसं गेली. तेव्हापासून ते नाव उपनगरांत घरोघरी माहीत आहे. उंदरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून, पायाच्या साध्या चिरेतून शिरतात. अंधेरी सबवेतून गुडघाभर पाण्यातून चालल्यावर बहात्तर तासांत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्यावं, असं महापालिका सांगते ते यासाठी. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, तिन्हींत प्लेटलेट्स घसरतात. त्यामुळे नुसता तो आकडा बघून 'डेंग्यूच आहे' म्हणत पपईच्या पानांचा रस काढत बसणं घातक आहे. पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं किंवा कावीळ दिसली की लेप्टोचा विचार आधी करायचा, कारण त्याला औषध आहे आणि ते वेळेत द्यावं लागतं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात. पोटात दुखणं, सतत उलट्या, गळून जाणं ही लक्षणं प्लेटलेट्सच्या आकड्याहून महत्त्वाची. रक्तस्राव नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत बहुधा प्लेटलेट्स चढवाव्या लागत नाहीत.

त्याच रिपोर्टात एमसीव्ही शंभराच्या वर गेला असेल तर बी-१२ची आठवण ठेवावी. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या पुरुषांपैकी दोनतृतीयांशांत ते कमी निघालं होतं. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घाटकोपर-बोरिवलीच्या घरांत हातापायांच्या मुंग्या आणि विसरभोळेपणा वयावर ढकलला जातो. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील, तर एक आकार लहान करतं, दुसरं मोठा, आणि सरासरी अगदी नॉर्मल दिसते. अशा वेळी पेशींच्या आकारातली तफावत सांगणारा आरडीडब्ल्यू हा शेजारचा आकडा वाढलेला असतो. तोही वाचावा.

शेजारच्या मुलीच्या होणाऱ्या नवऱ्याने काही आढेवेढे न घेता दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. त्याचं ए-टू निघालं २.६. तो वाहक नाही. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. मुलीने मग आईलाही लॅबमध्ये नेलं. काकूंचं वय चोपन्न. लग्नानंतर त्यांची सासू त्यांना "पालेभाजी खात नाहीस, म्हणून अशी पांढरीफटक" म्हणायची, आणि दोन्ही बाळंतपणांत त्यांनी लोहाची इंजेक्शनं सोसली होती. त्यांचं ए-टू ५.१ आलं. रिपोर्ट मांडीवर घेऊन त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे माझ्या आई किंवा बाबांकडून आलेलं. मग भाऊलाही असेल की गं." भाऊ बोरिवलीला राहतो, आणि भाचीला दुसरा महिना लागला होता. काकूंनी चष्मा लावला आणि फोन हातात घेतला.